कपाटाच्या दारावरचं चित्र

शुभा खानझोडेच्या घरातला पाइप जानेवारीच्या थंडीत फुटला आणि जेवणाच्या खोलीचं अर्धं छत टेबलावर कोसळलं. कॉन्ट्रॅक्टरची माणसं आली, नवे बोर्ड ठोकून गेली. पण जोड असे दिसत होते की जेवताना मान वर करायची सोय नव्हती. शेजारचे इटालियन गृहस्थ ओरेस्ते फान्तोनी चुकून आपल्याकडे आलेलं टपाल द्यायला म्हणून दारात आले, त्यांनी छताकडे एकदा पाहिलं, परत गेले आणि बादली, थापी घेऊन हजर झाले.

चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस शिडीवर चढला म्हटल्यावर शुभाचा जीव टांगणीला लागला. तिने दोन तास शिडी धरून ठेवली. पण म्हाताऱ्याचा हात असा फिरत होता, जणू छतावर पोळी लाटतोय. काम संपलं तेव्हा जोड कुठे होता ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिने पोहे केले. त्यांनी दोन बश्या खाल्ल्या.

"हे कुठे शिकलात काका?" तिने विचारलं. मिस्टर फान्तोनी म्हणता म्हणता त्या दिवशी तिच्या तोंडून काका निघून गेलं, ते पुढे कायमचंच.

"वडील गिलावा करायचे. आणि मी, सिन्योरा, चित्रकार होतो. मिलानमध्ये. मोठा क्रांतिकारक!" असं म्हणून ते स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शुभा मूळची नागपूरची. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करून नुकतीच घरी बसली होती. नवरा संजय रोज ट्रेनने शिकागोला जायचा, मुलगा अनीश कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिला वेळ होता, आणि काकांना बोलायला माणूस हवं होतं. त्यांची बायको डॉरिस जाऊन सहा वर्षं झाली होती. दर गुरुवारी शुभा त्यांना डॉक्टरकडे नाही तर ग्रोसरीला ड्राइव्ह करून न्यायची, आणि त्या फेऱ्यांमधून तिला त्यांचं आयुष्य तुकड्यातुकड्याने कळत गेलं.

बेर्गामोजवळच्या एका गावात त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात, ते तेरा वर्षांचे असताना, बॉम्बहल्ल्यात घर पडलं. फक्त स्वयंपाकघराच्या दोन भिंती राहिल्या. युद्ध संपल्यावर ते मिलानला गेले. दिवसा गिलावा, संध्याकाळी चित्रं. रंग परवडत नव्हते आणि खरं सांगायचं तर पटतही नव्हते. सगळं शहर ढिगाऱ्यात असताना फुलदाणी कसली रंगवायची? मग त्यांनी ढिगाराच उचलला. चुना, वाळू, जळकं लाकूड, पडलेल्या भिंतींचे पोपडे, हेच त्यांचे रंग झाले. तसेच आणखी चौघे भेटले आणि पाच जणांचा गट झाला. गटाने जाहीरनामा काढला.

"काय लिहिलं होतं त्यात?"

"मी वाचलाच नाही. सही करणाऱ्याला सूप मिळणार होतं."

दोन प्रदर्शनं झाली. एका वर्तमानपत्राने 'गवंड्याच्या चुका' म्हणून टर उडवली. काकांनी ते कात्रण जपून ठेवलं होतं, कारण गवंडी हा शब्द त्यांना बरोबर वाटला होता. नर्सिंग शिकलेल्या डॉरिसशी १९६० साली लग्न करून ते शिकागोला आले. चित्रं त्यांनी गटातल्या व्हित्तोरियो नावाच्या मित्राकडे ठेवली. इथे तीस वर्षं त्यांनी शाळांच्या भिंती रंगवल्या, आणि रविवारी गॅरेजमध्ये आपली चित्रं. गॅरेजमधली चित्रं कोणी मागितली नाहीत, त्यांनी कोणाला दाखवली नाहीत. "रविवार छान जायचे," एवढंच ते म्हणायचे.

अनीशने मात्र ती पाहिली होती. सुट्टीत घरी आला की तो काकांच्या गॅरेजमध्ये तासन्‌तास बसायचा. पुढे नोकरीसाठी तो ओहायोत, डब्लिनला गेला. एका शनिवारी त्याने आईला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'इथल्या छोट्या म्युझियममध्ये आहे. आई, हे काकांचं वाटतंय यार!' करड्या वाळूत निळ्या चुन्याचा एक मोठा पोपडा. पाटीवर नाव व्हित्तोरियोचं.

शुभा तशीच शेजारी गेली. काकांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला, लांब धरला.

"हा निळा रंग माझ्या आईच्या स्वयंपाकघराचा आहे," ते हळूच म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात शुभा त्यांना घेऊन निघाली. सहा तासांचा रस्ता, दर दीड तासाला थांबा. रात्री अनीशकडे मुक्काम केला आणि सकाळी तिघे म्युझियममध्ये गेले. काका चित्राच्या अगदी जवळ जाऊन तो निळा पोपडा न्याहाळू लागले. पाटी बघून शुभाचं मात्र डोकं तापलं.

"तुमचं चित्र आणि नाव दुसऱ्याचं! मी बोलते त्यांच्याशी."

"त्याने ते मरेपर्यंत सांभाळलं, सिन्योरा. मिलानच्या हिवाळ्यात हे लाकूड मी स्वतःच जाळलं असतं."

तरी ती बोललीच. हॅना नावाची तिथली तरुण क्युरेटर बाहेर आली. तिने नीट ऐकून घेतलं. चित्र व्हित्तोरियोच्या घरातल्या सामानाबरोबर विकलं गेलं होतं, त्यामुळे त्याचंच धरलं गेलं, असं ती म्हणाली. मग तिने जरा संकोचून विचारलं, "काही पुरावा आहे का?"

"मागे पाहा," काका म्हणाले. "ते कॅनव्हास नाही. आमच्या पडलेल्या घरातल्या कपाटाचं दार आहे. त्यावर आई आमची उंची मोजायची."

हॅनाने त्यांना ऑफिसात नेलं आणि कॉम्प्युटरवर चित्राच्या मागच्या बाजूचा फोटो उघडला. लाकडावर एकाखाली एक पेन्सिलीच्या रेघा होत्या, शेजारी 'ओ' आणि 'लि'.

"आम्हाला वाटायचं, हे चित्रकाराचं प्रमाणाचं गणित आहे," ती म्हणाली. "यावर कोणीतरी दोन पानं लिहिलीत!"

काका खो खो हसले. मग वाकून एकेका रेघेवर बोट ठेवत सांगू लागले, "हा मी, सात वर्षांचा. ही लिना, माझी बहीण." अनीशने खुर्ची पुढे सरकवली.

जुनी पत्रं आणि गॅरेजमधली चित्रं तपासून होईपर्यंत पाच महिने गेले. मग पाटी बदलली. काकांनी एकच विनंती केली, 'व्हित्तोरियोने जपलेलं' असं खाली लिहा. ते लिहिलं गेलं. पुढच्या वसंतात गावच्या लायब्ररीत त्यांची अकरा चित्रं लागली. संजयने भिंतीवर खिळे ठोकले, शुभाने दीडशे बटाटेवडे तळले. शाळेत त्यांच्याबरोबर काम केलेले दोन रंगारी सूट घालून आले होते.

बेर्गामोत राहणाऱ्या लिनाला शुभाने त्या दाराचा फोटो पाठवला. तिचा लगेच व्हिडिओ कॉल आला. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी इटालियनमध्ये तावातावाने बोलत होती आणि काका हात उडवून उत्तर देत होते.

"काय म्हणताहेत त्या?" शुभाने घाबरून विचारलं.

"म्हणते, माझी रेघ आईने नाही, तू ओढलीस, आणि मुद्दाम बुटकी ओढलीस."

"खरंय का काका?"

"अर्थात खरंय," काका म्हणाले, आणि परत फोनवर भांडायला लागले.