रस्त्याकडची बाजू

नांदेड-लातूर रस्त्यावर आमचं टायरचं दुकान होतं. चार पत्रे, हवेचा कंप्रेसर आणि पुढं ट्रक उभा करायला जागा. मी चौथीपर्यंत शिकले. टायर बघायला नवऱ्यानं शिकवलं. नक्षीवरून तळवा आडवा फिरवायचा. एकीकडून गुळगुळीत लागलं आणि उलटीकडून धार लागली, तर पुढच्या चाकांची तोंडं सरळ नाहीत. मधे झिजलं तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी.

नवरा वारला आणि गिऱ्हाईक तुटलं. त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला, तिथं वर्कशॉपं निघाली. ड्रायव्हरांना बाईकडं न थांबायला कारण मिळालं. त्यात दुष्काळ. माल नाही तर ट्रक कुठले? दोन-दोन दिवस तोंड उघडायचं काम पडत नसे. रडत बसले नाही, पण होतं ते असं.

एक पाण्याचा टँकरवाला तेवढा यायचा. उदगीरकडचा मुसलमान, माझ्याहून लहान, मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. त्याची गाडी पुढचं डावं टायर खात होती, बाहेरच्या कडेनं. दोनदा मी चाकं जोडणारा दांडा फिरवून तोंडं सरळ केली. दोन्ही वेळा नवं टायर महिन्यात गेलं.

तिसऱ्यांदा आला तेव्हा खाली उतरलाच नाही. "खाला, मालक म्हणतोय, आता गाडी लातूरला टाक. बाईच्या हातचं काम बंद."

"तुझा मालक आला होता का कधी इथं?"

"न्हाई. पण टायर त्याचं जातंय ना."

ही गाडी गेली की दुकानाला कुलूपच. मी म्हटलं, "एकदा बघू दे. मग जा कुठं जायचं तिकडं."

माझी चूक मला तेव्हा कळली. ट्रक दुकानापुढं लागला की डावं चाक माझ्याकडं येतं, उजवं रस्त्याकडं. रस्त्याच्या बाजूला बसलं की जाणारा-येणारा बघतो, कुणी काही बोलून जातो. नवरा दोन्हीकडं बसायचा. मी एकटी झाल्यापासून उजवीकडं गेलेच नव्हते. पदर खोचला आणि गेले. उकिडवी बसून हात फिरवला.

उजवं टायर आतून झिजलं होतं.

तोंडं वाकडी असती तर दोन्ही टायरं एकाच कडेनं झिजली असती, दोन्ही बाहेरून नाहीतर दोन्ही आतून. इथं एक बाहेरून, एक आतून. म्हणजे दोष पुढं नव्हताच. मी त्याला कडेच्या फुफाट्यातून गाडी सरळ चालवायला लावली. मागची चाकं पुढच्यांच्या चाकोरीत पडायला हवीत. ती चार बोटं बाजूला पडली होती.

"कुत्र्यावानी तिरकी चालती रे तुझी गाडी."

"खाला, माझ्या गाडीला कुत्रं म्हणू नका, मलाच म्हणा."

पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्हीकडं दोरी धरली. एकीकडं दोन बोटं कमी. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटून मागचा अ‍ॅक्सल सरकला होता. "आधी गावाला पाणी टाकून ये," म्हटलं. परत आल्यावर त्यानं जॅक लावला, मी पाटे सोडले. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं गाडीखाली होतो. तो सगळा वेळ बोलत होता. कोणत्या गावात बायका कळशीवरून भांडतात, कुठं सरपंच आधी स्वतःचा हौद भरतो. इतकं बोलणं माझ्या कानावर वर्षभरात पडलं नव्हतं.

टायर टिकलं. मालकानं दुसरे दोन टँकर पाठवले, दुकान चाललं. पण ते ड्रायव्हर खाली मान घालून बिडी ओढायचे, काम झालं की जायचे.

खाला म्हणणारा तो मात्र आता थांबेना. टायर खात नाही, तर थांबायचं कशाला? पहिले काही दिवस हॉर्न द्यायचा, मग तोही बंद झाला. एकदा टँकर गेल्यावर मी रस्त्याकडच्या बाजूला जाऊन फुफाट्यात बघितलं. मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीत पडली होती. काम पक्कं झालं होतं.