ठणठणीत इंजिन

गाडी हाकणारे पुष्कळ असतात हो, चालवणारा एखादाच. हळूकाका चालवणाऱ्यांतले. मागच्या सीटवर चहाचा भरलेला कप घेऊन बसा, बशीत थेंब सांडायचा नाही. गाडी थांबली की मागच्याला कळायचंही नाही, म्हणून तर हे नाव पडलं. सारी उमर त्यांनी बाईसाहेबांच्या गाडीवर काढली. बाईसाहेब गेल्या, पाठोपाठ त्यांच्या मुलाने गाडी विकली, आणि निरोपाच्या पैशांचं पाकीट काकांच्या हातात ठेवून किल्ली काढून घेतली. या वयात नवा मालक कुठून मिळणार? जिथे जावं तिथे काकांच्या जाड चष्म्याकडे बघून म्हणायचे, "कळवतो." कळवलं कुणीच नाही.

घरी बसून काका खंगायला लागले. जेवताना उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. काकूंना ते दिसायचं आणि घास गिळवायचा नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "पाकीट कशाला सांभाळून ठेवलंय? घ्या की एक गाडी. स्वतःची. भाड्याने फिरवा. आणि पहिली फेरी माझी हं! जन्मभर जगाला फिरवलंत, मला एकदा तरी बसवलंत?"

नव्हतंच बसवलं. मालकाच्या गाडीत बायकोला बसवायचं नाही, हा काकांचा नेम. नेमाने पोट भरतं का, विचारू नका.

हप्ते थकले म्हणून कर्ज देणाऱ्या कंपनीने लोकांकडून ओढून आणलेल्या गाड्यांचा लिलाव होता. पत्र्याच्या कुंपणाआड गाड्या धूळ खात उभ्या. काकांनी गल्लीतल्या मिस्त्रीला बरोबर नेलं, जुना दोस्त. दोघांनी एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये जी डोकी घातली ती बाहेर काढेनात. तेल हुंगलं, पट्टे ओढून बघितले, इंजिन सुरू करून डोळे मिटून ऐकलं. "ठणठणीत!" मिस्त्री म्हणाला. "जुना मालक देवमाणूस असणार रे, जीव लावलाय गाडीला."

आणि बाजूला ते दलाल! बॉनेट उघडायचं नाव नाही, कंपनीच्या टेबलाशी उभे राहून नुसते कागद चाळत होते. मिस्त्रीने काकांना कोपरखळी मारली, "हे गाड्या घ्यायला आलेत की रद्दी?" दोघं पोट धरून हसले.

आता हसणाऱ्यांना काय सांगणार! ड्रायव्हर माणसाचं एक असतं, कागद ही त्याची गोष्टच नव्हे. कागद मालकाचे. पोलिसाने थांबवलं की समोरचा कप्पा उघडायचा, आतलं पाकीट जसंच्या तसं पुढे करायचं आणि परत ठेवायचं. त्या पाकिटात काय असतं हे काकांनी कधी वाचलं नव्हतं. मडकंसुद्धा माणूस वाजवून घेतो म्हणतात. यांनीही वाजवूनच घेतलं, तेच तर दुःख.

पांढऱ्या गाडीचा पुकारा झाला तेव्हा दलालांपैकी एकानेही हात वर केला नाही. काकांना वाटलं, नशीब उघडलं. कारकून म्हणाला, "जशी आहे तशी, जिथे आहे तिथे. मागाहून तक्रार चालणार नाही." "तशी म्हणजे झकासच आहे की!" म्हणत काकांनी सही ठोकली. चालू गाडी कंपनीने टोचन लावून, ओढत घरापर्यंत आणून सोडली, तेव्हाही या शहाण्यांना शंका आली नाही.

नाव चढवायला काका परिवहन कार्यालयात गेले. खिडकीतली बाई म्हणाली, "नोंदणीचं पुस्तक? जुन्या मालकाची सही?" काकांनी समोरच्या कप्प्यात मिळालं होतं ते पाकीट जसंच्या तसं पुढे केलं. आत एक फडकं आणि पेट्रोलच्या दोन पावत्या निघाल्या.

कंपनी म्हणाली, "आमच्या हाती गाडी लागली, पुस्तक नाही. म्हणून तर स्वस्तात गेली काका. सही करताना वाचलं नाहीत?" जुन्या मालकाच्या दाराला कुलूप. शेजारचा म्हणाला, "त्याला बरेच जण शोधतायत. तुम्ही रांगेत मागे उभे राहा."

न राहवून काकांनी एकदा सकाळी गाडी बाहेर काढली. कोपऱ्यावरच पोलिसाने अडवलं. बाईसाहेबांच्या वेळेपासूनची ओळख, म्हणून त्याने नुसते हात जोडले. "काका, आज जा. पुन्हा दिसलात तर गाडी मलाच जप्त करावी लागेल." एकदा जप्त झालेली गाडी पुन्हा जप्त! काका पहिल्या गिअरमध्ये घरी आले.

मग भंगारवाल्याला गल्लीत बोलावून आणलं. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, मान हलवली. "मोडायलाही कागद लागतात. उद्या चोरीची निघाली तर मी आत." म्हणजे ठेवता येईना, विकता येईना, मोडता येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मिस्त्रीने काकांच्या दारावरून जाणं सोडलं. लाज वाटत होती बिचाऱ्याला.

शेवटी घरमालकाने सांगितलं, गल्ली मोकळी करा. गोदामामागे एक पडीक जागा होती, तिथे ठेवायचं ठरलं. वाटेत तोच कोपरा, तोच पोलीस, तेव्हा गाडी ढकलतच न्यायची. मिस्त्री चार माणसं घेऊन आला. काका स्टिअरिंगवर बसायला निघाले, तर काकू ठेवणीतले कपडे घालून दारात उभ्या.

"अगं, ढकलायचीय गाडी."

"पहिली फेरी माझी ठरली होती ना?"

"बसू दे रे," मिस्त्री म्हणाला, "वहिनींचं वजन ते काय!"

काकांनी सवयीने मागचं दार उघडलं. काकूंनी मान हलवली आणि पुढे येऊन बसल्या. माणसांनी जोर लावला. इंजिन बंद, तरी काकांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट धरले, आरसा सारखा केला, वळणावर दिवा दाखवला. कोपऱ्यावरच्या पोलिसाने तोंड फिरवलं. काकू काचेतून बाहेर बघत होत्या, रोजचीच दुकानं, पण पहिल्यांदा बघावीत तशी.

गोदामामागे काकांनी ब्रेक दाबला. ढकलणारे घाम पुसत बाजूला झाले.

"लोक म्हणतात ते खरंय हो," काकू म्हणाल्या. "थांबली ते कळलंसुद्धा नाही."

काकांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. काकूंचा हात त्यांच्या पाठीवर. बाहेरून मिस्त्री काच वाजवत होता, "चला, उतरा आता, फाटक लावायचंय."