पितळी घोडा

चिंचेनं घासलेल्या पितळेचा वास आला की मला अणदूरचं सासर आठवतं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, घासून उन्हात ठेवलेल्या भांड्यांत गळ्यात घुंगरं असलेला एक देखणा पितळी घोडा दिसला. खंडोबाचाच असणार, म्हणून मी तो देव्हाऱ्यात मांडला आणि वर भंडारा वाहिला. सासूबाई हसता हसता मटकन खालीच बसल्या. "अगं पोरी, ही टाचा घासायची वज्री हाय!" माहेरी आम्ही विटेच्या तुकड्यानं टाचा घासायचो, मला काय ठाऊक! रडकुंडीला येऊन मी घोडा उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. भंडारा लागला, आता पाय कसा लावायचा?" साठ वर्षं झाली, घोडा अजून देवांत आहे आणि आमच्या घरातल्या सगळ्या बायकांच्या टाचांना भेगा आहेत.