रेघेखालचा मजकूर

जालन्यातल्या वृत्तपत्र कार्यालयात मेल सर्व्हर आला तेव्हा त्याची जबाबदारी माझ्याकडे होती. तालुक्यांतले वार्ताहर बातम्या आमच्याकडे मेल करत आणि सर्व्हर त्या ज्याच्या त्याच्या पत्त्यावर पुढे धाडत असे. त्याआधी बातम्यांची पाकिटं एसटीच्या कंडक्टरच्या हाती येत. बातमी संपली की वार्ताहर आडवी रेघ ओढत आणि खाली खाजगी निरोप लिहीत. मेल आला तरी ही सवय सुटली नाही.

पुढे जिल्ह्याचं पान मुख्य कार्यालयात तयार व्हायला लागलं. तोवर ते पान पाहणाऱ्या आमच्या ज्येष्ठ उपसंपादकांकडे पुरवणी देण्यात आली. त्यांच्या पत्त्यावर येणारी प्रत्येक मेल परस्पर मुख्य कार्यालयातल्या उपसंपादकाकडे वळवावी, असा आदेश होता. मी सर्व्हरवर तसा एका ओळीचा नियम लिहिला. पान तिकडे गेल्याचं वार्ताहरांना कळवायचं राहिलं. उपसंपादकांनाही मी एवढंच सांगितलं, "आता तुम्हाला बातम्यांचा त्रास न्हाई."

त्या दिवसांत त्यांच्या मुलीचं लग्न जमत होतं. स्थळ आष्टीचं होतं आणि मध्यस्थ आमचा तिथला वार्ताहर. जांब समर्थला देवळात मुलगा-मुलगी एकमेकांना भेटली होती. मुलीने घरी येताच होकार दिला होता. आता मुलाकडच्यांचं उत्तर यायचं होतं.

आठवड्याभराने मुख्य कार्यालयातून फोन आला. "अहो, तुमच्या आष्टीवाल्याच्या कापूस बाजाराच्या बातमीखाली लगीनच लागून राह्यलं. 'मुलाकडचे तयार आहेत, गुरुवारपर्यंत होकार कळवा.' आता मी कळवू का होकार? माझी बायको मारील मला."

मी हसलो. म्हणालो, "रेघेखालचं उडवा साहेब. त्यांची सवयच आहे ती."

कुणाचं लग्न, हे मी विचारलं नाही. उपसंपादक समोरच्याच टेबलावर पुरवणीची प्रुफं तपासत होते.

गुरुवार गेला. मुलीच्या बापाने स्वतःहून विचारणं म्हणजे पोरगी गळ्यात मारणं, म्हणून ते थांबले. एकदा निरोप धाडल्यावर मुलाकडच्यांनी पुन्हा विचारणं म्हणजे कमीपणा, म्हणून तेही थांबले. आमच्याकडे न बोलणं हे नकाराचंच उत्तर असतं. दोन्ही घरांनी ते तसंच घेतलं.

पंधरा दिवसांनी वार्ताहर कार्यालयात आला. त्या मुलाचा साखरपुडा दुसरीकडे झाला होता. उपसंपादकांना तो म्हणाला, "दादा, न्हाई म्हणायचं होतं तर एक ओळ लिहायची. मी त्यांच्यासमोर खाली मान घालून बसल्तो."

"मी कशाला न्हाई म्हणू? तुझीच वाट पाहून राह्यलो."

"मंग मेल?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमाबद्दल सांगितलं. मुख्य कार्यालयाच्या आदेशावरून मेल वळवण्यात आली होती, असं म्हणालो. बातमीत लिहितात तसं वाक्य केलं, ज्यात करणारा माणूस नसतो. फोनबद्दल बोललो नाही.

उपसंपादकांनी तिथल्या तिथे मुख्य कार्यालयात फोन लावला. पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. "मी तर विचारल्तं की! तुमच्याच माणसाने सांगितलं उडवा म्हणून."

त्यांनी फोन ठेवला. वार्ताहर उठून बाहेर गेला. मला वाटलं, आता ते ओरडतील. त्यांनी ओरडायला हवं होतं.

"पोरगी रोज विचारून राह्यली," ते म्हणाले, "आष्टीहून काही आलं का म्हणून. आज घरी गेल्यावर पण विचारील. तिला काय सांगू, तेवढं तू सांग."

मग त्यांनी चष्मा लावला आणि अर्धवट राहिलेलं प्रुफ पुढे ओढलं. वळवण्याचा तो नियम मी त्याच दुपारी काढून टाकला. त्यांच्या पत्त्यावर आष्टीहून त्यानंतर फक्त बातम्या आल्या.