निगाह रखो, तानूबाई!

दसऱ्याचं जेवण अंगावर येतं. बासुंदी जरा जास्तच झाली आहे, पंखा कुरकुरतोय आणि मी माजघरात सतरंजीवर आडवी होते. झोपायचं नाही असं ठरवूनच. डोक्यात राग आहे, आणि राग घेऊन झोपलं की पित्त खवळतं, असं आमचे आबा म्हणायचे.

आबा म्हणजे धोंडिबा चोपदार, करंजगड संस्थानचे शेवटचे चोपदार. दरबारात कोण आलं ते खड्या आवाजात पुकारायचं, हे आमच्या घराचं काम. संस्थान विलीन झालं तरी आबांची ललकारी बंद पडली नाही. दसऱ्याला शिवेवर सोनं लुटण्याआधी ते घरटी एक नाव पुकारायचे. 'निगाह रखो!' आणि मग नाव. ज्याचं नाव येईल तो पाऊल पुढे टाकतो आणि बाकीचा गाव त्याला मुजरा करतो, मग तो कुंभार असो की कलेक्टर. शेवटच्या दरबारात सर्जेराव महाराजांनीच तसा हुकूम केला, असं गाव सांगतं. पंचक्रोशीत असलं काही कुठे नाही, आणि आम्हाला त्याचा माज आहे.

आबा गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांना मुलगा नाही, मी आहे. हायस्कुलात मी पीटी शिकवायचे. माझ्या 'सावधान'ला रस्त्यावरची म्हैससुद्धा थबकायची. पण सकाळी उत्सव कमिटीचे रावसाहेब शेलार दारात येऊन सांगून गेले, "हौसाताई, पालखीम्होरं बाईमाणसानं वरडायचं म्हंजे बरं दिसत न्हाय. म्हाराजांचा हुकूम चोपदाराला हुता. तुला कुणाचा हाय? आमी लग्नातला अँकर सांगितलाय."

तोच प्रश्न डोक्यात घोळवत मी कूस बदलते. पंख्याची कुरकुर लांब जाते.

शाळेचं मैदान आहे. मी शिट्टी फुंकते, पण वाजत नाही. समोर रांगेत एकच माणूस उभा आहे. पांढरा सदरा, डोक्याला काही नाही, पाय अनवाणी. शाळेच्या ऑफिसातल्या तसबिरीत त्यांच्या मिशा काळ्याभोर आहेत, इथे पिकल्या आहेत. तरी मी ओळखते.

"महाराज, तुम्ही रांगेत?"

"उशीर झाला. बाई रागावतील म्हणून गुमान उभा राहिलो."

मी मुजऱ्याला वाकते. ते हातानंच 'राहू दे' म्हणतात आणि चालू लागतात. मी मागून जाते. मैदान संपतं तिथे दरबार आहे. वर झुंबरं, त्यांच्या वर शाळेचे पत्रे. मानकरी पाचवीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेत. गादी रिकामी आहे. गादीमागे मखमली पडदा, आणि पडद्याकडे तोंड करून, हातात चांदीची काठी घेऊन एक तरणाबांड गडी उभा आहे. आबा. मिसरूड नुकतं फुटलेले आबा.

"आज विलीनीकरणाची सही आहे," महाराज माझ्या कानाशी सांगतात. "त्या पडद्याआड मी उभा आहे. आणि सही करायची नाही, असं ठरवून आलोय."

"पण तुम्ही तर हसत हसत राज्य दिलंत. गाव सांगतं."

"हसत हसत राज्य कोण देतं, पोरी? मानकऱ्यांनी गडावर बंदुका चढवल्यात. मी बाहेर येऊन नाही म्हणायचं, की पहिला बार निघणार. दिल्ली सरकारच्या शिपायांतही आपलीच पोरं आहेत."

एवढ्यात लुगडं सळसळतं. आबांना वाटतं, पडदा हलला. ते छाती भरून घेतात.

"आस्ते कदम! निगाह रखो! राजश्रिया विराजित, करंजगडाधिपती महाराज!"

सगळ्या माना खाली जातात. पडदा मात्र हलत नाही. सळसळलं ते दुसरीकडे, मोठ्या दारात. त्या दिवशी दरबार सगळ्यांना खुला होता, आणि दारातून आत आली आहे तानूबाई सुईण. कुणाचं तरी बाळंतपण उरकून तशीच धावत आलेली, हात अजून ओले.

"अगं बया!" ती म्हणते.

आबांचा चेहरा राखेसारखा होतो. पुकार सुटली की परत घेता येत नाही, हा चोपदारीचा पहिला धडा. पुकार होताच जो आत येतो, तो हात उचलत नाही तोवर माना वर येत नाहीत, हा दुसरा. सगळे मानकरी सुइणीपुढे वाकून उभे आहेत.

"आता काय करू रं, धोंडिबा?"

"हात वर कर, आत्ती," आबा पुटपुटतात. "लौकर."

तानूबाई पदर सावरते, ताठ होते, आणि हात वर करते.

"मी फटीतून बघत होतो," महाराज म्हणतात. "आधी तळपायाची आग मस्तकात गेली. मग तो हात दिसला. मी जन्मलो तेव्हा मला पहिल्यांदा धरलं त्या हातानं. अख्खं संस्थान तिच्यापुढे वाकलं होतं, आणि काही आकाश कोसळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. बाहेर आलो, तिला मुजरा केला आणि तुझ्या बापाला म्हणालो, 'धोंडिबा, आता पुढचं नाव घे.' बंदुका गडावरच राहिल्या."

"म्हणजे तो हुकूम नव्हताच?"

"कसला हुकूम! तुझ्या बापाची चूक ती. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून हुकूम म्हटलं. सही झाली आणि नोकरी माझीच गेली."

ते हसतात. मला रडू येतं, आणि इतका अभिमान वाटतो की छाती दुखते. माझा बाप चुकला, आणि हा माणूस त्या चुकीएवढा मोठा झाला.

"मग मला तरी हुकूम द्या, महाराज. संध्याकाळी मी पुकारू?"

"सही केलेला माणूस हुकूम कुठून देणार?"

दरबार नाही. शीव आहे, आपट्याचं झाड आहे, सगळा गाव उभा आहे. महाराज गर्दीत शिरतात आणि एका चांभाराला जरा सरकायला सांगून त्याच्या शेजारी उभे राहतात.

"दर दसऱ्याला येतो," ते तिथूनच म्हणतात. "माझं नाव काही येत नाही. नुसतं महाराज महाराज करतात. मी काय गावचा नाही?"

मी छाती भरून घेते.

"निगाह रखो! सर्जेराव!"

पुढे ना महाराज, ना अधिपती. नुसतं नाव. ते अनवाणी पाऊल पुढे टाकतात. गाव वाकतो. बक्षीस मिळालेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा फुलतो. आता मला कोण थांबवतंय? मी पुढचं नाव घेते, त्याच्या पुढचं घेते, कासाराचं, गुरवाचं, पोस्टातल्या बाईचं, आणि मग, कडू घोट गिळून, "निगाह रखो! रावसाहेब शेलार!"

माझ्याच आवाजानं मी जागी होते.

खिडकीत ऊन उतरलंय. बाहेर गल्ली चिडीचूप. मी उठून बघते. रावसाहेब पालखीचे हार घेऊन चालले होते, ते तिथंच थांबलेत. चपला मागे राहिल्यात, एक पाऊल पुढे आहे. बरोबरचे कमिटीवाले मुजऱ्याला वाकलेत. रावसाहेबांनी हात उचलल्यावरच ते सरळ होतात.

रावसाहेब खिडकीकडे बघतात. डोळ्यांत पाणी आहे, आणि ते लपवायचं त्यांना सुचत नाही.

"हौसाताई," ते म्हणतात, "पाचाला पालखी निघती. येळंवर ये."

मला 'येते' म्हणायचंय, पण तोंडातून नुसती घरघर निघते. घसा सोलून निघालाय. मी मान हलवते, चुलीवर पाणी ठेवते, त्यात मीठ टाकते. अजून सगळा गाव पुकारायचाय.