पेचकसानं फिरवलेला आवाज

डिस्को कॅसेटची गोष्ट म्हटलं की तुमी आत्ताच पाय हलवाले लागले असान. त्यात मी नकला करणारा, म्हणून हसाच्याही तयारीत असान. दोन्ही जरा बाजूले ठेवा. या गोष्टीत नाचलं कोणी नाई, अन् मी जी नक्कल केली तिच्यावर हसलं कोणी नाई.

डिस्कोचं वेड तेव्हा आमच्या वर्ध्याकडच्या खेड्यापाड्यातही शिरलं होतं. माहा मावसभाऊ बँडपार्टीत ऑर्गन वाजवे. आमी सारे त्याले नुसतं भाऊ म्हणो. त्यानं नागपूरवरून एक बाजा आणला. बटन दाबलं की ढोल, झांज, टाळ्या, सारं आपोआप सुरू. माणूस लागेच नाई.

"आपली डिस्को कॅसेट काढू," भाऊ म्हणे. "बाजा माहा, गळे पाहुण्याचे."

पाहुणे तीन. बँडचा गवय्या, मी, अन् शेजारची काकू. मले गाणं नोतं. मले रेल्वेचं इंजन, मोर अन् एस्टीचा कंडक्टर काढाले बसवलं होतं. काकू भाजीच्या वाडीत राबे, वांगे-पालक घेऊन बाजारात बसे, अन् गुरुवारी भजनात खंजेरीवर गाये. आवाज जाड, खालचा. ओळ संपली की काकू थांबे, पोटभर दम घे, अन् तिच्यासंगं सारं मंडळ थांबे. कोणाले घाई नसे.

बाजा मात्र कोणासाठी थांबेना. भाऊनं काकूचं गाणं अगोदर टेपात भरून घेतलं, अन् मग बाजासंगं बसवाले गेला. काकू दर ओळीले मागं राहे. शेवटी भाऊनं टेपचं मागचं झाकण काढलं अन् मोटरचा पेच पेचकसानं आवळला. टेप पळाली. काकू बरोब्बर ठोक्यावर आली. पण आवाज पातळ झाला, तिसरी-चौथीतल्या पोरीसारखा.

"डिस्कोत असंच चालते," भाऊ म्हणे.

वर्ध्याले एक गुरुजी होते. पेटी शिकवत, अन् तिथल्या साप्ताहिकात गाण्याबजावण्यावर लिहीत. त्याइनं बरं म्हटलं तरच दुकानदार गावठी कॅसेट ठेवत. आमच्या गावात त्याइची शेती होती, पण येणं फक्त पोळ्याले. भाऊनं कॅसेट त्याइच्या घरी नेऊन देली.

छापून आलं. ठोका पक्का आहे म्हणे. गवय्यानं नाकातून गाणं सोडावं म्हणे. इंजन खरं वाटलं म्हणे. अन् पाहुणी गायिका फारच कोवळ्या वयाची दिसते, गळा अजून पिकला नाई, कोणापाशी तरी शिकाले पायजे.

भाऊ तो पेपर घेऊन गावभर फिरला. ठोका पक्का लिवला होता नं! हापशीवर बायाइनं काकूले धरलं.

"काऊन व पोरी, शाळेत नाई गेली आज?"

"दप्तर भरून देऊ का व तुले?"

काकूही हसली. पण संध्याकाळी ती भाऊच्या घरी आली, पदरानं हात पुसत. तोवर तिनं कॅसेट आयकलीच नोती.

"लाव बरं."

भाऊनं लावली. काकू टेपाकडे पाहत उभी राह्यली. गाणं संपलं.

"हे कोन होय?"

"तूच होय नं, काकू."

"मी नोहो." मग म्हणे, "आता लोकं मले असंच आयकतीन?"

भाऊनं कॅसेट काढून डबीत ठेवली. कॅसेटी दुकानात गेल्या होत्या.

त्या गुरुवारी काकू भजनाले गेली नाई. पुढच्याही नाई. मंडळाचे लोकं बलवाले आले तं दारातूनच म्हणे, "गळा पिकला का पाहू द्या." वाडीत काम करता करता ती गुणगुणे, तेही बंद झालं. खंजेरी खुंटीवर लटकून राह्यली. आमच्या गल्लीतून एक आवाज कमी झाला होता.

मग पोळा आला. आमच्याकडे तोरणाखाली बैल उभे राह्यले की झडत्या, म्हणजे टोमण्याची कवनं, म्हणतेत. त्या दिवशी कोणीही कोणाले काहीही सुनवावं, राग धराचा नसते. माह्या झडत्या गावात नामी, कारण मी त्या ज्याच्यावर असत त्याच्याच आवाजात म्हणो. गुरुजी त्याइच्या जोडीपाशी उभे होते. भाऊ कानाशी लागला, "गुरुजीले धर. खोकून दाखव त्याइच्यासारखं."

मी पुढं झालो. लोकं अगोदरच हसून राह्यले होते. खोकाले तोंड उघडलं, अन् निघाली काकूची ओळ. जाड, खालची, तिच्या चालीनं. कशी निघाली मले आजही सांगता येत नाई.

हसणं बंद झालं. बैलाइच्या घंट्या तेवढ्या वाजून राह्यल्या होत्या. गुरुजी जवळ आले.

"हा आवाज कोणाचा?"

मी मारुतीच्या ओट्याकडे बोट दाखवलं. तिथं बायाइत काकू पूजेची थाळी घेऊन उभी होती. "कॅसेटीतली पोरगी, गुरुजी."

गुरुजी तिच्याकडे पाहतच राह्यले. "अरे," म्हणाले, "मी यांना शिकायला सांगितलं?" अन् तिथूनच त्याइनं हात जोडले.

काकू थाळी घेऊन तशीच घरी निघून गेली.

तोरण तुटल्यावर बैल घरोघरी नेतेत. आमची जोडी घेऊन मी तिच्या दारात गेलो. तिनं बैलाइचे पाय धुतले, टिळा लावला, पुरणपोळी चारली. मग माह्याकडे वळली.

"काऊन रे, माहा आवाज तुले कोनं देल्ला?"

"काकू, गुरुजीले समजावं म्हणून..."

"अन् आयकला कोनाचा? तुहाच! पयले तुह्या भावानं पेचकसानं फिरवला, आता तू गळ्यानं. मी मेली काय? ओट्यावर उभी होती नं थाळी घेऊन. हाक माराले काय झालं होतं तुले?"

मी येसन धरून बैल वळवाले लागलो.

"अन् दुसऱ्या ओळीवर मी दम घेतो. तू घेतलाच नाई. कुत्रं लागलं होतं का मांगं? गुरुवारी येजो भजनात. मी गाईन, तू तोंड बंद करून बसजो. एक मोर जरी ओरडला नं, खंजेरी टाळक्यात घालीन!"