गौतमीचं नाक

शेंबूड म्हटलं की मला किळस येते. त्यामुळे गेल्या वर्षी भरे गावच्या दूध केंद्रावर गौतमीशेजारी बसणं म्हणजे मला शिक्षाच होती.

मी फॅट मोजायचो, ती वास घ्यायची. कॅनचं झाकण उचलून नाक खाली न्यायची आणि एका श्वासात सांगायची, "वता," नाहीतर "परत न्या." आठ वर्षांत तिचा अंदाज कधी चुकला नाही. चेअरमन कोंडाजीआबांचं दूधही तिनं दोनदा परत पाठवलं होतं.

ती पोटुशी होती; पाचव्या महिन्यात तिचं नाक गळायला लागलं. फडक्यात शिंकरायची, पिवळट ओलं फडकं मांडीखाली सारायची. शी! मी तोंड फिरवून बसायचो. सासूनं ओव्याची धुरी दिली, काढे पाजले, काही उपयोग नाही. शेवटी पिरंगुटच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही सर्दी नव्हेच. पोटुशीपणी हार्मोन्स वाढतात, त्यानं नाकाचं आतलं अस्तर सुजतं, शेंबूड जास्त होतो. बाळंतपणानंतर पंधरवड्यात जाईल.

"आबा, मला वासच येत न्हाई. तवर दुसरं कुनी बसवा," गौतमीनं स्वतःहून सांगितलं.

"आगं, आठ वर्साची सवय हाय तुला. बस निवांत," आबा मायेनं म्हणाले.

आठवड्याभरात आख्खी टाकी नासली. टँकरवाल्यानं दूध परत केलं. आबांनी सगळ्यांदेखत तिला हाकललं आणि वास घ्यायला स्वतः बसले. ती रडत गेली. मला मात्र फडकं गेल्याचं बरं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

सव्वा महिन्याचं बाळ सासूकडं ठेवून ती काम मागायला आली.

"तुज्या नाकाचा काय भरवसा?" आबा म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा गडी नथू कॅन घेऊन आला. गौतमीनं झाकण उचललं.

"ह्यात रातचं दूध हाय."

नथू गडबडला. "आबाच म्हन्ले व्हते, पोरीचं नाक बंद हाय तवर रातचं सकाळच्यात वत. त्या सवयीनं आजबी वतलं."

कॅनमधून आंबूस भपकारा आला. आबांनी नाकाला रुमाल लावला.

गौतमीनं कॅन त्यांच्यापुढं सरकवला. "काडा रुमाल, आबा. माज्या जागी तुमी बसलाय न्हवं? घ्या वास."